सेलमचें हॅथॉर्न घराणें

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस आतां बरीच रूढ झाली आहे. कोणत्याहि सुशिक्षित घरीं जावें, तों काचेच्या कपाटांत ज्ञानेश्वरी व दासबोध ह्यांच्या शेजारीं त्या आडनांवाचा एखादा जाडजूड ग्रंथ बहुधा आढळतोच. मूळ पुरुष कोण, गोत्र व प्रवर कोणते, कुलदैवत कोठलें, घाटावर कोणती शाखा केव्हां आली, वकील किती झाले व डॉक्टर किती, हें सारें त्यांत तपशीलवार असतें. एक गोष्ट मात्र क्वचित् सांपडते. आपल्या पूर्वजांपैकीं कोणी दुसऱ्यावर अन्याय केला होता काय, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. वडीलधाऱ्यांचे दोष काढूं नयेत ही आपली शिकवण असल्यामुळें हें स्वाभाविकच आहे. परंतु पूर्वजांचा शोध घेणें आणि पूर्वजांची स्तुति करणें हीं दोन कामें भिन्न आहेत, ही गोष्ट मनावर ठसविणारें एक गांव आम्हीं नुकतेंच पाहिलें. त्या गांवची व तेथील एका घराण्याची हकीकत वाचकांस सांगावी, एवढ्यासाठीं हा लेख.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही सपत्नीक तेथें चार महिने होतों. बोस्टनच्या उत्तरेस सुमारें सोळा मैलांवर समुद्रकांठीं सेलम हें गांव आहे. आगगाडीनें अर्ध्या तासाचा प्रवास. तमिळनाडूंतील सेलमशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. हिब्रू भाषेंत शांततेला जो शब्द आहे, त्यापासून झालेलें हें बायबलांतील नांव वसाहतवाल्यांनीं आपल्या गांवाला दिलें. सप्टेंबर महिना होता, आपल्याकडे पितृपक्ष चालू होता, आणि तिकडे मेपल वृक्षांचीं पानें कोठें कोठें तांबूस होऊं लागलीं होतीं. गांवांत शिरल्यावर जें दृश्य दिसलें तें मात्र शांततेचें नव्हतें. दुकानादुकानांतून टोकदार काळ्या टोप्या, केरसुण्या आणि चेटकिणींचीं चित्रें मांडलेलीं. पोलिसांच्या गाडीवरसुद्धां केरसुणीवर बसलेली चेटकीण रंगविलेली! ज्या गोष्टीनें ह्या गांवाची एके काळीं मान खालीं गेली, तिच्यावरच आज त्याचा बराचसा चरितार्थ चालतो, हें पाहून मौज वाटली व थोडा विषादहि वाटला. परंतु बाजार मागें टाकून चार्टर स्ट्रीटवरील जुन्या दफनभूमींत पाऊल टाकलें, तों सारें निवांत झालें. ही भूमि १६३७ पासूनची आहे. काळ्या पाटीच्या दगडाचीं थडगीं, त्यांवर पंख असलेली कवटी कोरलेली, आणि वर जुन्या वृक्षांची छाया. हॅथॉर्न घराण्याची कथा येथूनच सांगणें सोयीचें.

त्यापूर्वीं प्युरिटन लोकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेंत पूर्वींचा पुष्कळ कर्मठपणा शिल्लक राहिला आहे, तो धुऊन काढून धर्म शुद्ध करावा, असें म्हणणारा हा पंथ होता. त्यांचा तिकडे छळ झाला. तेव्हां १६३० सालीं जॉन विन्थ्रॉप ह्यांच्या नेतृत्वाखालीं जहाजांचा मोठा तांडा अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यास लागला. हे लोक उद्योगी, मिताहारी, विद्येचे भोक्ते. किनाऱ्यास लागून सहा वर्षें झालीं नाहींत तोंच, १६३६ सालीं त्यांच्या सभेनें हार्वर्ड कॉलेजाच्या स्थापनेचा ठराव केला. परंतु जें धर्मस्वातंत्र्य स्वतःस मिळावें म्हणून त्यांनीं समुद्र ओलांडला, तें दुसऱ्यास देण्याची मात्र त्यांची तयारी नव्हती. क्वेकर नांवाच्या शांततावादी पंथाचे लोक वसाहतींत येऊं लागतांच त्यांना फटके मारण्यांत आले, हद्दपार करण्यांत आलें, आणि १६५९ ते १६६१ ह्या काळांत बोस्टन येथें चौघांना फांशीं देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर नांवाची एक स्त्री होती.

हॅथॉर्न घराण्याचा अमेरिकेंतील मूळ पुरुष विल्यम हा ह्याच १६३० च्या सुमारास इंग्लंडांतून आला. १६३६ च्या सुमारास तो सेलमला स्थायिक झाला. कर्तबगारीला तोटा नव्हता. सैन्यांत तो मेजर झाला, वसाहतीच्या प्रतिनिधिसभेचा पहिला अध्यक्ष झाला, न्यायाधीशाचें काम त्यानें वर्षानुवर्षें पाहिलें. आपल्या पद्धतीच्या कुलवृत्तांतांत त्याला चार पानें सहज मिळालीं असतीं. परंतु ॲन कोलमन नांवाच्या क्वेकर स्त्रीला गांवोगांव नेऊन उघड्यावर फटके मारावेत, असा हुकूम देणाराहि हाच विल्यम होता. तो १६८१ सालीं वारला. त्याचे अधिकार आणि त्याचें काठिण्य हीं दोन्ही त्याच्या मुलाकडे, जॉनकडे आलीं.

जॉन हॅथॉर्न १६४१ सालीं जन्मला. चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमींत त्याचा दगड आज चौकटींत बसवून जपून ठेवला आहे. १६९२ च्या आरंभीं सेलमच्या खेडेगांवभागांत, सॅम्युएल पॅरिस नांवाच्या धर्मोपदेशकाच्या घरीं, दोन लहान मुलींना झटके येऊं लागले. वैद्यानें करणीचा संशय घेतला. मुलींनीं नांवें घेण्यास प्रारंभ केला, आणि १ मार्च रोजीं जॉन हॅथॉर्न व जोनाथन कॉर्विन ह्या दोन न्यायाधीशांनीं पहिली चौकशी सुरू केली. त्या चौकशांचीं टिपणें उपलब्ध आहेत. तीं वाचतांना आमच्यासारख्या जुन्या मास्तराच्या मनांत प्रथम एकच गोष्ट भरली: हॅथॉर्न प्रश्न विचारीत नाहीं, तो उत्तर सांगतो. आरोपी चेटूक करतो हें गृहीत धरूनच तो बोलतो, आणि केव्हांपासून व कां करतोस, एवढेंच विचारतो. अमुक स्त्रीची छायाकृति आपणांस चिमटे काढते, असें त्या मुलींनीं म्हटलें कीं तोच पुरावा. मानवी न्यायांत हा पुरावा खोटा कसा पाडावयाचा? त्यांतून एक विपरीत नियम होऊन बसला. जो कबुली देई तो बहुधा वांचे. जो खरें बोलून अपराध नाकारी तो फांशीं जाई.

दीडशेंहून अधिक माणसें पकडलीं गेलीं. त्यांत डोरोथी गुड नांवाची सुमारें चार वर्षांची पोर होती. तिलाहि बेड्या घालून महिनेच्या महिने तुरुंगांत ठेवलें. रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची, कानांनीं मंद, गांवांत पापभीरु म्हणून मान्यता पावलेली आजी. तिला पंचांनीं प्रथम निर्दोष ठरविलें होतें; परंतु न्यायासनानें त्यांना पुन्हां विचार करावयास लाविलें, एका प्रश्नाचें उत्तर तिनें दिलें नाहीं हें तिच्याविरुद्ध धरलें, आणि १९ जुलैला तिला फांशीं दिलें. त्या वर्षीं एकूण १९ जणांना फांशीं झाली: १४ स्त्रिया व ५ पुरुष. जाइल्स कोरी नांवाच्या वृद्ध शेतकऱ्यानें खटला चालवून घेण्याचेंच नाकारलें, म्हणून १९ सप्टेंबरला त्याच्या अंगावर दगड रचून त्याचा प्राण घेतला. निदान पांच जण तुरुंगांत मेले. ऑक्टोबरांत गव्हर्नर फिप्स ह्यानें तें खास न्यायासन मोडलें, तेव्हां हें थांबलें.

दफनभूमीला लागूनच, दगडी कुंपणापलीकडे, ह्या मृतांचें स्मारक आहे. १९९२ सालीं, घटनेला तीनशें वर्षें झालीं तेव्हां तें उभारलें. कुंपणाच्या भिंतींतून वीस शिला पुढें आलेल्या आहेत. प्रत्येकीवर एक नांव, मृत्यूचा प्रकार व तारीख, आणि दुसरें कांहीं नाहीं. प्रवेशाच्या पायदगडांवर त्या माणसांनीं न्यायालयांत केलेल्या विनवण्या कोरल्या आहेत, आणि त्या वाक्यांच्या मध्येंच भिंत येऊन शब्द तुटतात. लोक त्या शिलांवर फुलें ठेवतात. न्याय देणारा भिंतीच्या एका बाजूस, ज्यांना न्याय मिळाला नाहीं ते दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें हातभर रुंदीचें दगडी कुंपण!

बरोबर आमचा नातू होता, वय वर्षें नऊ. घरीं आदल्याच दिवशीं आमच्या वडिलांचें श्राद्ध झालेलें. तो जॉन हॅथॉर्नच्या दगडाकडे पाहून म्हणाला, "आजोबा, वाईट माणसाचंसुद्धां श्राद्ध करतात का?" आम्हीं सांगितलें, "करतात बाळ. श्राद्धाला पितर लागतो, चांगलाच लागतो असं नाहीं." त्याचें समाधान झालें, आमचें मात्र पुरतें झालें नाहीं. श्राद्ध करावयाचें हें खरें, पण त्या वेळीं आठवावयाचें काय?

ह्या प्रश्नाला सेलमच्याच लोकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलेलीं आहेत. त्या न्यायासनावरील एक न्यायाधीश सॅम्युएल सीवल ह्यानें १६९७ च्या जानेवारींत बोस्टनच्या देवळांत भर सभेंत उभें राहून आपला दोष उपाध्यायाकडून वाचून दाखविला, आणि ती लाज स्वतःवर घेतली. आरोप करणाऱ्या मुलींपैकीं ॲन पुटनम हिनें १७०६ सालीं मंडळीपुढें क्षमा मागितली. १७११ सालीं वसाहतीच्या सरकारनें पुष्कळांची शिक्षा रद्द ठरवून वारसांना भरपाई दिली. जॉन हॅथॉर्ननें पश्चात्ताप केल्याचें मात्र कोठेंहि नमूद नाहीं. उलट पुढें तो वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आणि १७१७ सालीं सन्मानानें मेला.

हें सारें इतक्या बारकाईनें समजतें, ह्याचें श्रेय प्युरिटन लोकांनाच दिलें पाहिजे. प्रत्येक गांवाला जन्म, विवाह व मृत्यु ह्यांची नोंद ठेवावी लागे. मंडळीचें दप्तर निराळें. मृत्युपत्रें, जमिनीचे व्यवहार व कोर्टाचे कागद निराळे. १८४५ सालीं बोस्टन येथें न्यू इंग्लंडमधील घराण्यांचा इतिहास शोधणारी संस्था निघाली, ती अद्याप चालू आहे. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांनीं जें काम केलें, तेंच तिकडे ह्या दप्तरांनीं केलें. भेद एवढाच कीं, आपल्या वहींत यात्रेकरू स्वतः येऊन आपलें नांव सांगतो. तिकडच्या दप्तरांत ज्याला आपलें नांव यावें असें मुळींच वाटत नाहीं, त्याचेंहि नांव येतें. ज्यांनीं अन्याय केला त्यांनींच त्याचे कागद लिहून ठेवले, म्हणून तीनशें वर्षांनीं त्या अन्यायाची दाद लागली.

जॉनच्या मागें घराण्याचें वैभव ओसरत गेलें. मुलगा जोसेफ शेती करून राहिला. नातू डॅनियल हा जहाजाचा कप्तान. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांच्या जहाजांशीं सामने दिले. पणतू नॅथॅनियल हाहि कप्तानच, आणि १८०८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम येथें पीतज्वरानें वारला. त्या काळीं सेलम हें पूर्वेकडील व्यापाराचें मोठें बंदर होतें. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ह्यांना वळसा घालून आलेल्या नाविकांनीं १७९९ सालीं येथें एक मंडळ स्थापिलें; त्यांनीं हिंदुस्थान, चीन व जावा येथून आणलेल्या वस्तूंचें आज मोठें संग्रहालय झालें आहे. ह्याच गांवचा आपल्या महाराष्ट्राशीं आणखी एक प्रत्यक्ष संबंध आहे. १८१२ सालीं, फेब्रुवारीच्या ६ तारखेस, येथील टॅबर्नेकल चर्चमध्यें पांच तरुण मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. सॅम्युएल न्यूएल हा सेलमच्याच बंदरांतून निघाला, कांहीं काळानें मुंबईस त्यांना येऊन मिळाला, आणि १८२१ सालीं तेथेंच वारला. अमेरिकन मराठी मिशनचा पाया तो हाच. ह्या मिशननें मराठी शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि १८४२ सालीं अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथून 'ज्ञानोदय' सुरू केला. हे लोक प्युरिटनांच्याच धार्मिक परंपरेंतले. त्यांनीं आमच्या समाजाचे दोष दाखविले, त्याचा आमच्या वाडवडिलांना राग आला; परंतु त्यांतले कांहीं दोष खरे होते, हें आज कबूल करण्यास हरकत नसावी.

त्या दीक्षेच्या वेळीं सेलमांत सात वर्षांचा एक पितृहीन मुलगा मामांच्या आश्रयानें वाढत होता. तोच पुढें जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न. ४ जुलै १८०४ रोजीं ज्या घरांत तो जन्मला, तें लांकडी घर १९५८ सालीं उचलून समुद्रकांठच्या सात त्रिकोणी छपरांच्या जुन्या वाड्याशेजारीं आणून ठेवलें आहे. त्या १६६८ च्या वाड्यावरूनच त्यानें १८५१ सालीं आपल्या कादंबरीला नांव दिलें. तरुणपणीं त्यानें आपल्या घराण्याचे जुने कागद व इतिहास मनापासून वाचले, आणि आडनांवांत एक अक्षर वाढवून हॅथॉर्नचा हॉथॉर्न झाला. पूर्वजांपासून अंतर रहावें म्हणूनच त्यानें हें केलें, असें पुष्कळांचें मत आहे. पण अक्षर वाढवून रक्त बदलत नाहीं, हें त्याला कळत होतें. १८४६ पासून तीन वर्षें तो सेलमच्या जकातघरांत अधिकारी होता. छपरावर सोनेरी गरुड असलेली ती विटांची इमारत आजहि धक्क्यासमोर उभी आहे. राज्यपक्ष बदलतांच त्याची नोकरी गेली, आणि १८५० सालीं 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी बाहेर पडली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें विल्यम व जॉन ह्या दोघां पूर्वजांचें वर्णन केलें आहे. त्यांची करारी वृत्ति तो नाकारीत नाहीं. परंतु त्यांच्या क्रौर्याबद्दलची लाज त्यांचा वंशज म्हणून आपण स्वतःवर घेतों, असें तो स्पष्ट लिहितो. जॉननें जें केलें नाहीं, तें त्याच्या खापरपणतूनें दीडशें वर्षांनीं केलें.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पूर्वजांचा दोष दिसला म्हणजे स्वतःच्या काळाचाहि दिसतोच असें नाहीं. ह्याच हॉथॉर्ननें १८५२ सालीं आपला मित्र फ्रँकलिन पियर्स ह्याचें निवडणुकीसाठीं चरित्र लिहिलें, आणि त्यांत गुलामगिरीचा प्रश्न माणसाच्या खटाटोपानें न सुटतां ईश्वरी योजनेनेंच यथाकाल सुटेल, असा सूर लावला. मेलेल्या चेटकिणींसाठीं ज्याचें मन द्रवलें, त्याला जिवंत गुलामांविषयीं तितकी निकड वाटली नाहीं. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें.

त्याची धाकटी कन्या रोझ १८५१ सालीं जन्मली. तिचा संसार सुखाचा झाला नाहीं. एकुलता मुलगा लहानपणींच गेला. १८९१ सालीं तिनें रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला, म्हणजे ज्या पंथाच्या तिटकाऱ्यानें तिचे पूर्वज समुद्र ओलांडून आले त्यांतच ती गेली. १८९६ पासून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत खोली घेऊन तिनें असाध्य कर्करोग झालेल्या निर्धन माणसांची सेवा आरंभिली. त्या काळीं हा रोग संसर्गजन्य समजून अशा रोग्यांना घरचेहि शिवत नसत. पुढें तिनें जोगिणींचा एक संघ स्थापिला. रोग्याकडून कांहींहि न घेतां तो अद्याप हेंच काम करतो. ती १९२६ सालीं वारली. ज्या कुळांतील पुरुषांनीं असहाय स्त्रियांना समाजाबाहेर काढलें, त्याच कुळांतील एका स्त्रीनें समाजानें टाकलेल्यांना जवळ घेतलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही डॅन्व्हर्सला गेलों. पूर्वींचें सेलमचें खेडें तें हेंच. १७५२ सालीं नांव बदललें. तेथें रिबेका नर्सचें घर व शेत जपून ठेवलें आहे. फांशीनंतर मुलांनीं तिचें प्रेत रात्रीं गुपचूप आणून आपल्या शेतांत पुरलें, अशी घराण्याची परंपरा आहे. वंशजांनीं १८८५ सालीं तेथें स्तंभ उभारला. कलंक लागलेल्या आजीचीं नातवंडें आपल्या आजीला विसरलीं नाहींत.

आणखी एक हकीकत ऐकून आम्हांस फार धन्यता वाटली. एलिझाबेथ जॉन्सन नांवाच्या अँडोव्हरच्या एका तरुणीला १६९३ सालीं दोषी ठरविलें होतें. फांशी टळली, पण पुढें ज्या ज्या वेळीं लोकांना निर्दोष ठरविण्यांत आलें, त्या त्या वेळीं तिचें नांव राहून गेलें. तिला मूलबाळ नव्हतें, बोलणार कोण? शेवटीं नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेंतील आठवीच्या मुलांनीं आपल्या शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखालीं कागद शोधले, कायदेमंडळाला पत्रें लिहिलीं, आणि २०२२ सालीं, म्हणजे ३२९ वर्षांनीं, तिचें नांव कायद्यानें निष्कलंक झालें. निपुत्रिकाला पाणी देणारें कोणी नसेल तर तें परक्यानेंहि द्यावें, असें आपल्याकडे मानतात. त्या मुलांनीं निराळें काय केलें?

आतां घरची गोष्ट. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचें काम गेलीं दोन वर्षें चाललें आहे. जुन्या पेटींत शके १८२७ मधला, म्हणजे १९०५ सालच्या सुमाराचा, एक मोडी कागद निघाला. आमचे पणजोबा गांवच्या ब्रह्मवृंदांत प्रमुख होते. एका गृहस्थानें आपल्या बालविधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला, म्हणून त्या घराशीं अन्नोदकव्यवहार बंद केल्याचा तो कागद, आणि खालीं पहिली सही पणजोबांची. विधवाविवाहाला १८५६ पासून कायद्याची संमति होती. ग्रामण्याला ती लागत नसे. दोन वर्षांनीं तें कुटुंब गांव सोडून गेलें. हेच पणजोबा आठ गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवूं घालीत, आणि प्लेगच्या सांथींत स्वतः प्रेतें वाहून नेत, हेंहि तितकेंच खरें.

आमचे वडील बंधु म्हणाले, "अरे, देवमाणूस होता तो. कशाला उकरून काढतोस?" आम्हीं त्यांना सेलमची ही सारी हकीकत सांगितली. तैत्तिरीय उपनिषदांत गुरु निघालेल्या शिष्याला सांगतो कीं, आमचीं जीं चांगलीं कृत्यें असतील तेवढींच तूं अनुसरावींस, इतर नव्हेत. गुरूची इतर कृत्येंहि असतात, हें त्या उपदेशांतच गृहीत आहे. आणि निवड करावयाची तर दोन्हीं डोळ्यांपुढें हवींत. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "छाप. पण विद्यार्थ्यांच्या जेवणाचं आधीं छाप." तसें करण्याचें ठरलें आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर येतील. त्या गेलेल्या कुटुंबाचा मागहि आम्ही घेत आहों. वंशज भेटले तर तो कागद त्यांना दाखवून, आमच्या कुळाच्या वतीनें दोन शब्द बोलावयाचे आहेत.

असो. वाचकांच्या घरींहि माळ्यावर अशा पेट्या असतील. कसरीनें व वाळवीनें त्यांचा निकाल लावण्यापूर्वीं मोडी वाचणारा कोणी गांठून ते कागद वाचून घ्यावेत, आणि जें निघेल तें मुलांना सांगावें. मुलें तें ऐकून घेण्याइतकीं शहाणीं असतात.